आयात शुल्क एकतर्फी काढलं तर काय होईल? रबाळेच्या गाळ्यापासून वाशीच्या मसाला बाजारापर्यंतचा हिशेब

अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून बऱ्याचशा भारतीय मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा आपल्याकडची पहिली प्रतिक्रिया ठरलेलीच होती: आपणही लावू. अर्थशास्त्रात मात्र पावणेदोनशे वर्षांपासून याच्या नेमका उलटा सल्ला आहे. समोरचा काय करतो ते बघत बसू नका, आपलं आयात शुल्क आपण उतरवा, जमलं तर शून्यावर आणा, आणि बदल्यात काही मागू नका. याला एकतर्फी मुक्त व्यापार म्हणतात. ऐकायला हा व्यवहार कमी आणि दानधर्म जास्त वाटतो. दानधर्म तो नाही, पण त्याचे समर्थक सांगतात तितका सरळसोटही नाही.

सगळ्यात आधी शुल्क भरतं कोण ते पाहू, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीतला एक गाळा धरा. इंजेक्शन मोल्डिंगची चार मशिनं, औषधांच्या बाटल्यांची झाकणं हे काम. प्लास्टिकचा दाणा परदेशातून न्हावा-शेव्याला उतरतो. जहाजभाडं आणि विमा धरून मालाची किंमत 10,00,000 रुपये आणि मूळ सीमाशुल्क 10 टक्के असं समजू. खरा दर मालाच्या एचएस कोडवर, म्हणजे सीमाशुल्कासाठी मालाला दिलेल्या वर्गीकरण क्रमांकावर, ठरतो. कस्टम ब्रोकर बिल ऑफ एंट्री (आयातीचा सीमाशुल्क अर्ज) भरतो तेव्हा मूळ शुल्क 1,00,000 येतं. त्या शुल्कावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 10,000. बेरीज झाली 11,10,000. तिच्यावर 18 टक्के आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), 1,99,800. एकूण भरणा 3,09,800 रुपये.

‘आयातीवर 31 टक्के कर’ ही ओरड या आकड्यावरून होते आणि ती चुकीची आहे. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे विक्रीवरच्या जीएसटीतून तो वजा होतो, आणि देशी दाणा घेतला तरी 18 टक्के जीएसटी भरावाच लागला असता. महिना-दोन महिने पैसा अडकतो, तेवढंच. वादाचा खरा विषय आहे उरलेले 1,10,000 रुपये, म्हणजे 11 टक्के.

हे 11 टक्के परदेशी पुरवठादार भरत नाही. त्याचा जागतिक भाव रबाळेच्या एका गाळ्यासाठी खाली येत नसतो. गाळेवाला भरतो, आणि जमलं तर पुढच्या गिऱ्हाइकावर टाकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्याने आयुष्यात एक कंटेनर मागवला नाही, तोही हे भरत असतो. देशातला दाणा बनवणारा कारखाना आपला भाव कसा ठरवतो? आयात केलेला माल शुल्कासह दारात कितीला पडेल ते पाहून, त्याच्या किंचित खाली. त्यामुळे आयात मालावरचे 11 टक्के सरकारकडे जातात, आणि देशी मालावरचे जवळपास तेवढेच देशी कारखान्याकडे. पावतीवर हा दुसरा कर कुठेच छापलेला नसतो, म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढत नाही.

आता याच गाळ्याला झाकणं निर्यात करायची आहेत. तिकडे भाव जागतिक, इकडे कच्चा माल 11 टक्क्यांनी महाग. आयातीवरचा कर फिरून निर्यातीवरचाच कर ठरतो. अर्थशास्त्रज्ञ आबा लर्नर यांनी 1936 मध्ये हे गणिताने दाखवून दिलं होतं. आपल्या सरकारलाही हे पक्कं ठाऊक आहे. नाहीतर ॲडव्हान्स ऑथोरायझेशन आणि ड्युटी ड्रॉबॅक या योजना कशाला आणल्या असत्या? निर्यातीसाठी लागणारा कच्चा माल शुल्काशिवाय आणा, किंवा भरलेलं शुल्क नंतर परत घ्या. मोठ्या निर्यातदाराकडे त्यासाठी वेगळा माणूस बसवलेला असतो. चार मशिनवाल्याकडे नसतो. तो बहुधा थेट निर्यात करतच नाही, निर्यातदाराला माल पुरवतो; मग कुठल्या मालात किती दाणा गेला याचे कागद जुळवण्यापेक्षा तो सवलत सोडून देतो. शुल्कच नसेल तर ही योजना लागत नाही आणि तिचे कागदही लागत नाहीत. एकतर्फी कपातीच्या बाजूचा हा मुद्दा सर्वांत मजबूत आहे, आणि टीव्हीवरच्या चर्चेत नेमका तोच येत नाही.

शुल्कामुळे उद्योगाला खरं संरक्षण किती मिळतं हे नुसत्या दरावरून कळत नाही. एका वस्तूचा जागतिक भाव 100 रुपये, तिच्यात कच्चा माल 60 रुपयांचा, म्हणजे आपण घातलेली भर 40 रुपयांची. तयार वस्तूवर 10 टक्के आणि कच्च्या मालावर शून्य शुल्क असेल तर देशात वस्तू 110 ला विकता येते, हातात 50 राहतात. चाळिसाचे पन्नास, म्हणजे खरं संरक्षण 25 टक्के. दोन्हींवर 10 टक्के असेल तर 110 वजा 66, हातात 44, संरक्षण 10 टक्के. आता उलटं करा. एखाद्या करारामुळे तयार वस्तू शून्य शुल्काने येते आणि कच्च्या मालावर 10 टक्के कायम आहेत. 100 वजा 66, हातात 34. संरक्षण उणे 15 टक्के. सरकार स्वतःच्याच उद्योगाला दंड करतंय. याला उलटी शुल्करचना म्हणतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या प्लास्टिक, रसायन आणि फॅब्रिकेशनवाल्या छोट्या उद्योगांचं ‘चिनी माल स्वस्त पडतो’ हे गाऱ्हाणं कधी कधी चीनपेक्षा या रचनेबद्दल जास्त असतं.

भारताने हा प्रयोग एकदा मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. 1991 च्या आधी काही वस्तूंवर आयात शुल्क 300 टक्क्यांच्या वर होतं. 24 जुलै 1991 च्या अर्थसंकल्पात मनमोहन सिंग यांनी कमाल दर 150 टक्क्यांवर आणला, आणि टप्प्याटप्प्याने 2007 पर्यंत बिगरशेती मालावरचा कमाल दर साधारण 10 टक्क्यांवर आला. परकीय चलनाच्या संकटाचा आणि नाणेनिधीच्या कर्जाचा दबाव होता, पण कोणत्याही देशाने बदल्यात त्याचं शुल्क कमी केलं नव्हतं. त्यातली क्रमवारी विसरून चालणार नाही: आधी 1 आणि 3 जुलैला रुपयाचं अवमूल्यन झालं, मग शुल्क उतरलं. रुपया पडल्यामुळे आयात तशीही महाग झाली होती, निर्यातदाराला जास्त रुपये मिळू लागले होते, त्यामुळे शुल्काची भिंत उतरली तरी लोंढा आला नाही. शुल्क कमी करायचं आणि रुपया मात्र धरून ठेवायचा, हे दोन्ही एकदम केलं तर देशी कारखानदार दोन्हीकडून मार खातो.

त्या प्रयोगाचे निकाल तपासले गेले आहेत. पिनेलोपी गोल्डबर्ग, अमित खंडेलवाल, नीना पावच्निक आणि पेटिया टोपालोवा या चौघांच्या 2010 च्या अभ्यासानुसार भारतीय कंपन्यांनी त्या काळात बाजारात आणलेल्या नव्या उत्पादनांपैकी सरासरी 31 टक्के उत्पादनं कच्च्या मालावरचं शुल्क घटल्यामुळे शक्य झाली. जो सुटा भाग किंवा रसायन परवडत नव्हतं ते मिळू लागलं, आणि त्यातून नवा माल निघाला. याच टोपालोवा यांच्या दुसऱ्या अभ्यासात मात्र असं दिसलं की ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या उद्योग-पिकांचं संरक्षण जास्त घटलं, तिथे गरिबी कमी होण्याचा वेग मंदावला. माणसं तिथून हलली नाहीत. कामगार कायदे, भाषा, घर, जमीन यांनी ती जागीच धरून ठेवली. फायदा देशभर पातळ पसरतो आणि तोटा एखाद्या तालुक्यावर कोसळतो. मुक्त व्यापाराचे पुस्तकी समर्थक ‘कामगार दुसऱ्या क्षेत्रात जातील’ असं एका ओळीत लिहून मोकळे होतात. ती एक ओळ प्रत्यक्षात पंधरा वर्षांची असू शकते.

बंद पडलेल्या प्रत्येक कारखान्याचं खापर 1991 वर फोडणं मात्र सोपं आणि बरंचसं चुकीचं आहे. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत. ठाण्यात जमिनीचा भाव असा चढला की शेडखालची जागा शेडमधल्या धंद्यापेक्षा मोलाची झाली. तिथे आयात शुल्क 40 टक्के असतं तरी टॉवर उभे राहिलेच असते.

आक्षेपांपैकी सर्वांत जास्त ऐकू येणारा: सगळं फुकट देऊन टाकलं तर वाटाघाटीत हातात काय उरलं? हा आक्षेप टाकाऊ नाही. 24 जुलै 2025 ला ब्रिटनशी झालेल्या करारात स्कॉच व्हिस्कीवरचं शुल्क 150 वरून आधी 75 आणि दहा वर्षांत 40 टक्क्यांवर आणायचं ठरलं, आणि त्या बदल्यात आपल्या कापड-कपड्यांना तिकडे शून्य शुल्क मिळालं. व्हिस्की आधीच मोकळी केली असती तर ते नाणं वापरता आलं नसतं. पण अशी नाणी मोजकीच: व्हिस्की, वाइन, महागड्या मोटारी, बदाम, सफरचंद, दूध-चीज. शेकडो रसायनं, मिश्रधातू आणि मशिनच्या सुट्या भागांवर 7.5 किंवा 10 टक्के लावून आपण कुणाशी सौदा करतोय? तिथे शुल्क राखून ठेवणं म्हणजे दुसऱ्याला अडवायचं म्हणून स्वतःच्याच दारात काटे पसरणं.

कायद्याच्या अंगाने एक बारीक बाब इथे उपयोगी पडते. जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशाचे दोन दर असतात. एक बांधील दर, ज्याच्या वर जाणार नाही असं वचन दिलेलं असतं. दुसरा प्रत्यक्ष लावलेला दर. भारताची बांधील सरासरी 50 टक्क्यांच्या आसपास आहे, प्रत्यक्ष दर त्याच्या कितीतरी खाली. एकतर्फी कपात म्हणजे प्रत्यक्ष दर खाली आणणं. वचन बदलत नाही, उद्या दर पुन्हा वर नेता येतो. म्हणजे नाणं गमावलेलं नसतं. पण याच कारणाने गुंतवणूकदार त्या कपातीवर पूर्ण भरवसाही ठेवत नाही.

दुसरा आक्षेप चीनचा. एकतर्फी कपात एका देशापुरती करता येत नाही. समान वागणुकीच्या नियमाने ती संघटनेच्या सगळ्या सदस्यांना द्यावी लागते, चीनलाही. यावर उत्तर असं की शून्य शुल्क असलं तरी अँटी-डंपिंगचा अधिकार शाबूत राहतो. कोणी स्वतःच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्त माल इकडे टाकत असेल तर व्यापार उपाय महासंचालनालय चौकशी करतं, आणि अर्थ मंत्रालय सहसा पाच वर्षांसाठी जादा शुल्क लावू शकतं. उत्तर बरोबर, पण त्यात अडचण आहे. चौकशीसाठी अर्ज करायला उद्योगाची माहिती, खर्चाचे तक्ते, वकील लागतात. पोलाद कंपन्यांना ते जमतं, झाकणवाल्यांना नाही. एप्रिल 2025 मध्ये सपाट पोलादाच्या आयातीवर 200 दिवसांसाठी 12 टक्के तात्पुरतं संरक्षक शुल्क लागलं. हॉट रोल्ड कॉइल (तापवून लाटलेल्या पत्र्याची गुंडाळी) टनाला 675 डॉलरपेक्षा महाग येत असेल तर त्यातून सूट. पोलाद कारखान्यांना दिलासा मिळाला, आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारातून पत्रा घेऊन तुर्भे-महापेत पॅनेल बनवणाऱ्याचा खर्च वाढला. वर मोजके मोठे उत्पादक, खाली हजारो छोटे गिऱ्हाईक: अर्ज करण्याची ताकद नेहमी वरच्यांकडे असते.

महसुलाचा आक्षेप आता फारसा उरलेला नाही. 1990-91 मध्ये केंद्राच्या एकूण कर महसुलात सीमाशुल्काचा वाटा एक तृतीयांशाहून जास्त होता; आता तो सहा टक्क्यांच्या आसपास आहे.

शुल्कामुळे धंदा कसा वेडावाकडा वळतो हे पाहायचं तर वाशीचा मसाला बाजार बघा. कॅलिफोर्नियाच्या बदामावर शुल्क टक्क्यांत नसून किलोवर होतं. अमेरिकेशी तंटा मिटून जादा शुल्क निघालं तेव्हा, सप्टेंबर 2023 मध्ये, कवचासह बदाम किलोला 35 रुपये आणि फोडलेला गर किलोला 100 रुपये असे मूळ दर पुन्हा लागू झाले. चांगल्या पातळ कवचाच्या बदामात साधारण 70 टक्के गर निघतो. एक किलो गरासाठी सुमारे 1.43 किलो कवचाचा बदाम लागतो, त्यावर शुल्क झालं 50 रुपये. तयार गर आणला तर 100. किलोमागे 50 रुपये वाचतात, म्हणून कवचासह बदाम कंटेनर भरभरून येतो आणि इथे फोडला, निवडला, प्रतवारीने लावला जातो. जहाजाच्या भाड्यातला मोठा भाग कवच वाहून आणण्यात जातो. कॅलिफोर्नियात हेच काम यंत्रं करतात. दोन्ही शुल्कं शून्य झाली तर बदाम स्वस्त होईल आणि फोडण्याचं काम बरंचसं थांबेल. हे रोजगार खरे आहेत, आणि ते केवळ 35 आणि 100 या दोन आकड्यांतल्या फरकावर उभे आहेत, हेही तितकंच खरं. धोरण ठरवणाऱ्याने दोन्ही गोष्टी एकत्र टेबलावर ठेवायला हव्यात. एक बाजू लपवून केलेला युक्तिवाद कुठल्याच पक्षाच्या कामाचा नाही.

शेतीमालात तर चूक कुठे होते ते वेळापत्रकात दिसतं. कापसावर फेब्रुवारी 2021 पासून एकूण 11 टक्के आयात शुल्क होतं. 19 ऑगस्ट 2025 पासून ते माफ झालं, आधी 30 सप्टेंबरपर्यंत. अमेरिकेचा किंवा ब्राझीलचा कापूस आज मागवला तर पोहोचायला महिन्याहून जास्त लागतो, त्यामुळे सूतगिरण्यांना या मुदतीचा नव्या सौद्यासाठी उपयोग नव्हता. दहा दिवसांत मुदत 31 डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला सूत स्वस्त मिळावं ही अपेक्षा रास्तच. पण विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने जूनमध्ये सरकी टोचली तेव्हा 11 टक्के शुल्क गृहीत धरलं होतं. पीक उभं असताना नियम बदलला, आणि वेचणीच्या तोंडावर बाहेरचा माल मोकळा झाला. कपात चूक होती की बरोबर यापेक्षा ती पेरणीनंतर आली, याचा राग जास्त आहे आणि तो योग्य आहे. हीच कपात ‘पुढच्या हंगामापासून 8, त्यापुढे 5, मग शून्य’ अशी आधी जाहीर झाली असती तर शेतकऱ्याला सोयाबीन, तूर की कापूस हा निर्णय घ्यायला वाव मिळाला असता.

सोयाबीनचं उदाहरण उलट्या बाजूचं. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क 5.5 वरून 27.5 टक्के झालं, हेतू सोयाबीनला भाव मिळावा हा. तेल महागलं. सोयाबीन मात्र त्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाखालीच राहिलं. कारण सोयाबीनमध्ये तेल साधारण 18 टक्केच असतं, बाकी बहुतेक पेंड, आणि पेंडीचा भाव जागतिक बाजारात पडलेला होता. गिऱ्हाइकाने तेलाला जास्त पैसे मोजले, शेतकऱ्यापर्यंत ते पोचले नाहीत. मे 2025 च्या अखेरीस कच्च्या तेलावरचं शुल्क 16.5 टक्क्यांवर उतरवलं गेलं.

महाराष्ट्रात मुक्त व्यापाराचा सर्वांत ठाम पुरस्कार शेतकऱ्यांच्याच नेत्याने केला होता. शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाला (ज्या करारातून जागतिक व्यापार संघटना उभी राहिली त्याच्या मसुद्याला) पाठिंबा दिला तो याच तर्काने: सरकारी बंधनं शेतमालाचा भाव पाडतात, बाजार मोकळा झाला तर शेतकऱ्याचं भलंच होईल. पण मोकळीक दोन्ही दिशांना हवी. डिसेंबर 2023 ते मे 2024 कांद्याची निर्यात बंद होती, त्याआधी 40 टक्के निर्यात शुल्क होतं. हे कुठल्या परदेशाने लादलं नव्हतं. एकतर्फी मुक्त व्यापार सुरूच करायचा तर इथून करावा. यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. आयात मोकळी आणि निर्यात बंद, हा प्रकार शेतकऱ्याच्या दृष्टीने मुक्त व्यापार नव्हेच.

आणि ‘एकतर्फी’ ठरवतं कोण हाही प्रश्न आहे. 1882 मध्ये इंग्रज सरकारने भारतातल्या आयात कापडावरचं शुल्क काढून टाकलं ते इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापड गिरण्यांसाठी, आणि पुढे 1896 मध्ये इथल्या गिरणी-कापडावर साडेतीन टक्के अबकारी लावली. न्यायमूर्ती रानड्यांनी 1892 मध्ये पुण्यात मुक्त व्यापाराच्या पुस्तकी सिद्धान्तावर टीका केली, तिच्यामागे हा अनुभव होता.

ज्या देशांनी हे करून पाहिलं त्यांच्याकडून पद्धत शिकण्यासारखी आहे. ब्रिटनने 1846 मध्ये धान्य कायदे (आयात धान्यावर शुल्क लावणारे) रद्द केले ते तीन वर्षांच्या टप्प्यांत. चिलीने सगळ्या वस्तूंवर एकच दर ठेवला, 2003 पासून 6 टक्के. दर एकच असला की ‘माझ्या मालावर जास्त लावा’ म्हणून दिल्लीवारी, तिकडची सांतियागोवारी, करण्यात अर्थ उरत नाही. स्वित्झर्लंडने 1 जानेवारी 2024 पासून औद्योगिक मालावरचं शुल्क पूर्ण काढलं, शेतमालावरचं मात्र जसंच्या तसं ठेवलं. सिंगापूर-हाँगकाँगची उदाहरणं दिली जातात, पण ती बंदरांची शहरं आहेत. त्यांना कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला तोंड द्यायचं नव्हतं.

आमच्या मते भारतासाठी क्रम असा असावा. कच्चा माल आणि सुटे भाग आधी, तेही विनाअट आणि विनामुदत. तयार माल नंतर, पाच-सात वर्षांच्या जाहीर वेळापत्रकाने. वाटाघाटीची मोजकी नाणी बाजूला. शेतमालात बदल पेरणीच्या आधी. आणि शुल्क काढून त्याच जागी गुणवत्ता नियंत्रण आदेशाची (ठरावीक प्रमाणपत्राशिवाय माल आणू न देणाऱ्या नियमाची) भिंत उभारायची नाही. प्रमाणपत्रासाठी परदेशी कारखान्याच्या तपासणीची वाट पाहण्यात आठ महिने गेले तर शून्य शुल्काचा गाळेवाल्याला उपयोग काय?

पुढच्या अर्थसंकल्पात ‘शुल्क घटलं’ अशी बातमी आली की आपल्या मालापुरती ती अशी तपासा. आठ आकडी एचएस कोड काढा. त्यापुढचा मूळ दर आणि अधिसूचनेने लागू झालेला प्रत्यक्ष दर वेगवेगळे असतात, दुसरा महत्त्वाचा. ती सवलत सशर्त आहे का, आणि कोणत्या 31 मार्चला संपते ते पाहा. सगळ्यात शेवटी, मूळ शुल्क उतरवून कृषी पायाभूत सुविधा अधिभार चढवलाय का तेही पाहा. 2025 मध्ये 40,000 डॉलरवरच्या मोटारींचा दर 125 वरून 70 टक्के झाल्याची बातमी झळकली होती. प्रत्यक्षात आधी 100 टक्के शुल्क आणि त्यावर 10 टक्के अधिभार मिळून 110 पडायचे. नंतर 70 आणि कृषी अधिभार 40, पुन्हा 110.